एकाच तोंडासाठी घडलेला

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही एक छोटीशी पन्हळ आहात. काचेसारखी आरपार दिसणारी, घोड्याच्या नालेसारखी वाकलेली, मुठीत सहज मावणारी. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, आवाज नाही. साऱ्या जगात तुम्ही नीट बसाल अशी जागा एकच, आणि ती म्हणजे एका माणसाचे तोंड. केली कल्पना? मग माझे दुःख तुम्हाला कळेल. मी आहे एक जुना नाइट गार्ड, झोपेत दात खाणाऱ्या माणसाच्या दातांवर बसणारे कवच.

काही माणसे झोपेत वरचे दात खालच्या दातांवर करकर घासतात. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. शेजारी झोपलेल्याला मात्र असतो. अशाने दात झिजतात, दाढांना चिरा जातात, सकाळी जबडा दगडासारखा जड होतो. मुरुम गावच्या प्रेमाबाईंचे तसेच झाले होते. त्यांचे यजमान वीरप्पा यांचे पेठेत किराणा दुकान. घर माणसांनी भरलेले. प्रेमाबाई साऱ्यांच्या लाडक्या, कारण त्यांच्या तोंडून कधी कुणाला ‘न्हाय’ निघत नसे. शेजारणीला मिक्सर हवा, व्हय. नणंदेला महिनाभर राहायचे, व्हय. पोट भरलेले असताना कुणी आणखी एक पोळी वाढली, तरी व्हय. मला वाटते, दिवसभर गिळलेले ते सगळे ‘न्हाय’ रात्री त्यांच्या दातांखाली येत असावेत.

त्यांची उजवीकडची एक दाढ अशीच तडकली. डावीकडच्या दाढा आधीच गेलेल्या. उमरग्याच्या डॉक्टरांनी त्या दाढेवर टोपी बसवली आणि सांगितले, “आज्जी, कडक भाकरी चावायला आता एवढीच उरलीय. पुन्हा घासली तर हातची जाईल.”

त्या दाढेला वाचवण्यासाठीच माझा जन्म झाला. डॉक्टरांनी गुलाबी लगद्यात प्रेमाबाईंच्या दातांचा ठसा घेतला. तो धाराशिवच्या एका लॅबमध्ये गेला. तिथे मोनिका नावाच्या मुलीने ठशात प्लॅस्टर ओतून दातांचा पांढरा साचा केला. मी तेव्हा प्लास्टिकचा नुसता एक सपाट तुकडा होतो. तिने मला तापवले, मऊ झाल्यावर साच्यावर ओढून बसवले, आणि गार होता होता प्रत्येक दाताचा उंचवटा, प्रत्येक फट माझ्या अंगावर उमटली. मग ती माझ्या कडा घासत बसली. मध्येच स्वतःच्या मनगटावरून मला फिरवून बघे. “आज्जी, टोचणार न्हाय बघा,” असे ती त्या साच्याला म्हणाली. ज्यांना तिने कधी पाहिलेही नव्हते, त्यांना!

डॉक्टरांनी मला प्रेमाबाईंच्या दातांवर बसवले तेव्हा ‘टक्’ असा हलका आवाज झाला. मित्रांनो, घर सापडल्याचा आवाज तसाच असतो.

“हा फक्त तुमचा,” डॉक्टर म्हणाले. “दुसऱ्याच्या तोंडात चालत नाही. आणि गरम पाणी तर दाखवायचंसुद्धा नाही. गार पाण्यानं धुवायचा, डबीत ठेवायचा. कळलं?”

“व्हय,” प्रेमाबाई म्हणाल्या.

त्यानंतरचे माझे दिवस सुखाचे गेले. रात्रभर मी खालचे-वरचे दात एकमेकांना भिडू देत नसे. घासायचे असेल तर मला घासा, असे म्हणत सगळे ओरखडे अंगावर घेई. सकाळी त्यांची नात शिवप्रिया मला मऊ ब्रशने धुई आणि सगळ्यांना सांगे, “ह्यो आज्जीचा पहारेकरी हाय.” प्रेमाबाई तर दुकानात आलेल्या गिऱ्हाईक बायकांनाही माझे कौतुक ऐकवत. “जबडा कसा फुलावानी हलका झालाय,” म्हणत. मीही मनात म्हणे, ह्या बाईसाठी झिजून गेलो तरी चालेल.

मग एका आठवडी बाजाराला सास्तूरहून त्यांचे धाकटे भाऊ रेवणप्पा मोटारसायकलवर आले. चहा उकळत होता. वीरप्पा दुकानात होते. रेवणप्पांची नजर डबीवर गेली.

“अक्का, हे काय गं?”

“झोपेत दात खाते म्हून डॉक्टरनं दिलंय. लई गुण आला बघ.”

“आगं, माझं बी तेच हाय की! बायको म्हणती, तुमच्यापाशी झोपलं की पिठाच्या गिरणीत झोपल्यागत वाटतंय. माझी खाट गोठ्यात नेऊन टाकलीय. आता बैल बी मला बघून कान टवकारत्यात.”

शिवप्रिया खुदकन हसली. प्रेमाबाईही हसल्या.

“अक्का, पुढच्या बाजारापतूर दे की मला.”

प्रेमाबाईंचा हात डबीवर थांबला. मला वाटले, आता म्हणतील. आता तरी म्हणतील.

“आज्जी, डॉक्टर देऊ नका म्हणले होते,” शिवप्रिया म्हणाली. “आन् ते उष्टं हाय! मला तर तुमी तांब्यालासुद्धा तोंड लावू देत न्हाय.”

“गप बस. एका ताटात जेवलेली भावंडं आमी. आमाला कसलं उष्टं?” असे म्हणून प्रेमाबाईंनी डबी उघडली आणि स्वतःच्या हाताने मला भावाच्या हातावर ठेवले.

रेवणप्पांनी मला तोंडात घातले. मी बसेना. त्यांचे दात रुंद, मध्ये फटी. त्यांनी दाबले, फिरवले, पुन्हा दाबले.

“एका आईची लेकरं, पर जबडे येगळे निघाले की,” ते म्हणाले. “थांब. रानात पाइपात पाइप जात नसला की आमी काय करतो? तोंड तापवायचं आन् दाबायचं. जातंय म्हंजे जातंयच.”

आणि त्यांनी मला उकळत्या चहाच्या पातेल्यात सोडले.

मित्रांनो, ज्या उष्णतेने मोनिकाने मला आकार दिला, त्याच उष्णतेने तो घालवला. मी मेणासारखा ढिला पडलो. रेवणप्पांनी चमच्याने मला काढले, गार पाण्यात एकदा बुडवले आणि करकचून चावले. प्रेमाबाईंच्या दातांच्या खुणा पुसल्या गेल्या. प्रेमाबाईंनी कपाळाला हात लावला.

“दाजींना सांगू नगं, अक्का,” जाताना रेवणप्पा म्हणाले. “आधीच मला खुळा म्हणत्यात. कळलं तर सगळ्या बाजारात दवंडी पिटतील.”

“व्हय,” प्रेमाबाई म्हणाल्या. मग नातीला जवळ ओढून म्हणाल्या, “तू बी गप ऱ्हायाचं. माझ्या गळ्याची शपथ हाय.” शिवप्रियाचा चेहरा एवढासा झाला.

पुढच्या बाजाराला मी परत आलो. “तापवून बी टोचतंय,” रेवणप्पा म्हणाले. “तुझं तुला लखलाभ.”

त्या रात्री प्रेमाबाईंनी मला पुन्हा दातांवर बसवले. ‘टक्’ आवाज झाला नाही. मी एका बाजूने उचललेला, दुसऱ्या बाजूने रुतलेला. जबड्याचा सगळा भार त्या टोपीवाल्या दाढेवर येऊ लागला. जिला जपायला मी जन्मलो, तिच्यावरच रोज रात्री घाव घालू लागलो. मला ओरडून सांगावेसे वाटे, बाई, मला काढून ठेवा! पण आवाज कुठून आणू? त्यांना दुखत होते. तरी त्या मला घालत राहिल्या, कारण कायमचे काढून ठेवले असते तर घरात विचारणा झाली असती.

गाल सुजला. कडक भाकरी सुटली. दुधात कुस्करलेली भाकरी बघून वीरप्पा म्हणाले, “त्या प्लास्टिकच्या नादाला लागलीस, आता भोग!”

मी वाट बघत होतो, त्या काय म्हणतात याची.

“व्हय,” प्रेमाबाई म्हणाल्या. “तेच वाईट निघालं.”

मित्रांनो, चहाच्या पातेल्यात मला जेवढे पोळले नव्हते, तेवढे त्या वाक्याने पोळले. तुमच्या घरात कुणाचा चष्मा असेल, कानाचे यंत्र असेल, माझ्यासारखा गार्ड असेल. ती वस्तू एका माणसाच्या मापाने घडलेली असते. ती प्रेमानेसुद्धा दुसऱ्याला देऊ नका. आणि दिलीच, बिघडवलीच, तर निदान तिच्यावर आळ घेऊ नका. तिला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

शेवटी वीरप्पा त्यांना उमरग्याला घेऊन गेले. शाळेला सुट्टी होती म्हणून शिवप्रियाही आली. डॉक्टरांनी मला प्रेमाबाईंच्या दातांवर लावून बघितले, काढले, पुन्हा लावले, आणि दाढेला बोट लावताच प्रेमाबाई कळवळल्या.

“दोनच गोष्टी असू शकतात,” डॉक्टर म्हणाले. “एकतर गार्ड बिघडलाय, नाहीतर दाढ जागची हललीय. गार्ड बिघडला असेल तर तो बंद करू, दाढेला आराम देऊ, नवा गार्ड करू. दाढ वाचेल. पण गार्डला काहीच झालं नसेल, तर ही दाढ ठेवण्यात अर्थ नाही. आजच काढू. म्हणून खरं सांगा आज्जी. गरम पाण्यात पडला होता? दुसऱ्या कुणी घातला होता?”

प्रेमाबाईंनी दाराकडे पाहिले. तिथे वीरप्पा हाताची घडी घालून उभे होते.

“न्हाय,” त्या म्हणाल्या.

जन्मभर कुणाला ‘न्हाय’ न म्हटलेल्या त्या बाईचे पहिले ठाम ‘न्हाय’ माझ्या वाट्याला आले.

“मग काढावी लागेल,” म्हणत डॉक्टरांनी मला बाजूच्या ट्रेमध्ये टाकले आणि भुलीचे इंजेक्शन भरायला घेतले. ट्रेमधून मला फक्त शिवप्रिया दिसत होती. ती स्टुलावर बसली होती. एका हाताने तिने स्वतःचाच गळा धरला होता, जणू शपथ तिथेच अडकली होती. ती एकदा सुईकडे बघे, एकदा माझ्याकडे.

“तोंड उघडा, आज्जी,” डॉक्टर म्हणाले. प्रेमाबाईंनी डोळे मिटून तोंड उघडले.

शिवप्रिया स्टुलावरून उतरली. ती खुर्चीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि आपला छोटा तळहात आजीच्या उघड्या तोंडावर ठेवला. डॉक्टरांचा हात हवेत थांबला. वीरप्पा दारातून “अगं, अगं” करत पुढे आले. तिने कुणाकडेच बघितले नाही.

“आज्जी,” ती म्हणाली, “तुमी सांगता का मी सांगू?”

आणि मग तिने हात काढला, आणि ती आजीच्या तोंडाकडे बघत तिथेच उभी राहिली.