एकोणिसावी

एकोणिसावी

देशाच्या फुटबॉल संघात अठरा जणी होत्या. योर्लेनी एकोणिसावी.

एकोणिसावी म्हणजे नेमकं काय, ते फ्लोरी मावशीला समजावताना तिच्या नाकी नऊ आले. सराव संघाबरोबर करायचा, टी-शर्ट संघाचाच घालायचा, पण सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांत बसायचं. क्रीडाग्रामात झोपायचं नाही आणि तिथे जेवायचंही नाही. बाकीच्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र लाल, हिचं पिवळं. फाटकावरचा पहारेकरी त्या पिवळ्याकडे रोज असा बघायचा, जणू काल त्यानं ते पाहिलंच नव्हतं. पदकं अठराच. अठरांतली एखादी जायबंदी झाली आणि डॉक्टरनं तसं कळवलं, तरच एकोणिसावीला आत घ्यायचं.

"म्हणजे कुणाचा तरी पाय मोडायला हवा," मावशी म्हणाली.

"मावशी!"

"मी कुठे म्हणतेय? नियम म्हणतोय."

"आणि कुणाचाही मोडून चालत नाही. मी गोलकीपर आहे. गोलकीपरलाच काही झालं तर प्रोफे मला घेतील."

कोचबाईंना सगळ्या प्रोफेच म्हणायच्या.

"गोलकीपर किती आहेत?"

"दोन."

"मग बरंय की," मावशी म्हणाली आणि काळ्या घेवड्याचा पिंतो-भात तिच्या डब्यात दाबून भरू लागली. "दोघींतली एक. फार लांबचं नाही."

या वेळचे खेळ घरच्याच गावात, सान होसेत होते. म्हणून तर योर्लेनी देसाम्पारादोस उपनगरातल्या मावशीकडे राहत होती. परगावी असते तर संघटनेला तिच्यासाठी हॉटेल शोधावं लागलं असतं, आणि मग बहुधा एकोणिसावी नेलीच नसती.

एकोणिसावी, बसथांब्यावर

"ती बघ, देश चालला बसनं," थांब्यावरची एक शेजारीण दुसरीला म्हणाली.

"डबा घेऊन?"

"भूक देशालाही लागते."

"अगं योर्ले, टीव्हीवर दिसली नाहीस ती!"

"ती प्रेक्षकांत असते, इल्दाबाई. प्रेक्षकांवर कॅमेरा फिरतो तेव्हा बघा."

"मग मीही राष्ट्रीय संघातच की. मीही प्रेक्षकांतच असते."

"तुमच्याकडे पिवळं कार्ड नाही."

"नवऱ्याला रोज दाखवते ते कुठलं मग?"

बस आली. योर्लेनी हसत हसत चढली. बसायला जागा नव्हती.

एकोणिसावी, आणि दुसरीचं बोट

पहिली गोलकीपर सिओमारा. देशातली सगळ्यात चांगली, यावर कुणाचं दुमत नव्हतं. स्वभावानं मात्र सामन्याआधी ओकणारी, सामन्यानंतर रडणारी, मधल्या वेळात कुणाला न जुमानणारी.

दुसरी नोइली. पुंतारेनासची, तिशी ओलांडलेली. मासळी गोठवायच्या कारखान्यातून रजा काढून यायची. किती वर्षं दुसरी होती ते ती स्वतःच विसरली होती. आधीच्या पहिलीची दुसरी होती, मग सिओमाराची झाली. देशासाठी खेळून झालेले सामने एका हातावर मोजता आले असते आणि बोटं उरली असती.

उपांत्य सामन्याच्या आधीच्या सरावात प्रोफेंनी सिओमाराला मोठ्या गोलात घेतलं. या दोघी कडेच्या छोट्या गोलाशी. योर्लेनी जवळून जोरात बॉल मारत होती, नोइली अडवत होती. एक बॉल योर्लेनीच्या पायावर फारच छान बसला. पायावर बॉल असा बसला की मारणाऱ्याला आधी कळतं, बाकीच्यांना नंतर. नोइलीचा डावा हात मध्ये आला आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

नोइली खाली बसली. हातमोजा काढला. करंगळी भलतीकडेच बघत होती.

"डॉक्टरांना—" योर्लेनी म्हणाली.

"गप्प."

"अगं, मोडलंय ते."

"दिसतंय मला. माझंच आहे." नोइलीनं दातांनी चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि करंगळी शेजारच्या बोटाला बांधून टाकली. गोलकीपर तशाही बोटांना पट्ट्या लावतातच, कुणाच्या डोळ्यांवर येण्यासारखं काही नव्हतं. बांधून झाल्यावर तिनं वर पाहिलं. घामाचे थेंब नाकावर आले होते. "माझं काम काय आहे सांग?"

"दुसरी गोलकीपर."

"म्हणजे बाकावर बसायचं. बसायला करंगळी लागत नाही. सांगणार आहेस?"

योर्लेनी लगेच "नाही" म्हणाली. इतक्या लगेच, की तिचं तिलाच बरं वाटलं. घरी जाताना बसमध्ये आपण चांगलं माणूस आहोत असं तिला वाटत राहिलं. ते वाटणं देसाम्पारादोसपर्यंत टिकलं आणि जेवताना संपलं.

एकोणिसावी, प्रेक्षकांत

उपांत्य सामना पाहताना तिनं सामना पाहिलाच नाही, बाक पाहिला. बाकावर नोइली बसली होती, डावा हात जाकिटाच्या खिशात, उजव्या हातानं पाण्याच्या बाटल्या पुढे करत, कुणीतरी काहीतरी बोललं तर मागे रेलून हसत, आणि तिकडे गोल झाला तेव्हा बाकीच्या उड्या मारत मैदानात घुसल्या तरी ही एक हात खिशात ठेवूनच उठली, आणि मावशी कानाशी ओरडत होती जिंकलो जिंकलो, आणि योर्लेनीच्या मनात आलं की अंतिम सामना म्हणजे पदक पक्कं, सोन्याचं नाहीतर रुप्याचं, अठरा पदकं, आणि त्यातलं एक जाणार त्या खिशातल्या हाताला, जो बॉल धरू शकत नाही.

एकोणिसावी, तंबूत

दुसऱ्या दिवशी सराव सुरू व्हायच्या आधी ती मैदानाकडेच्या तंबूत गेली. डॉक्टर उगाल्दे लाकडी घोडीवर कापडी गाळणी अडकवून कॉफी करायच्या तयारीत होत्या.

"नोइलीचं बोट मोडलंय," योर्लेनी म्हणाली.

"डाव्या हाताची करंगळी." डॉक्टरांनी गाळणीत पूड घातली. "माहितेय."

"कधीपासून?"

"मोडलं त्या दुपारपासून."

"प्रोफेंना?"

"त्यांनाही."

"सिओमाराला?"

"रोज रात्री पट्टी तीच बदलते. शिव्या देत देत. कॉफी घेणार?"

आपण एक गुपित सांभाळतोय असं योर्लेनीला वाटत होतं. ते फक्त तिच्यापासूनच सांभाळलं जात होतं.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"मुली, तुला सांगायचं म्हणजे तुला आत घ्यायचं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, माया नव्हती. "बोट असं असताना तिला खेळाडू म्हणून ठेवणं बरोबर नाही, हे मला कळतं. पण मला कुणी विचारलेलं नाही. कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"मी विचारतेय."

"तू आत्तापर्यंत सांगत होतीस. विचारलं नाहीस." त्यांनी उकळतं पाणी उचललं. "आता मी पाठ करून कॉफी गाळणार आहे. कापडातून उतरायला वेळ लागतो. वळले तेव्हा तू इथे असलीस, तर विचारलंस असं धरीन."

पाणी थेंब थेंब उतरत होतं. बाहेर कुणीतरी बॉलचं जाळं ओतलं आणि बॉल घरंगळत गेले. सिओमारा कुणावर तरी खेकसली. नोइलीचं हसू ऐकू आलं. योर्लेनीनं दोन्ही हात पाठीमागे धरले, कारण ते पुढे ठेवले तर काय करतील याची तिला खात्री नव्हती. आपण गेलो तर कुणालाच काही वाटणार नाही, हे तिला दिसत होतं. राहिलो तर सगळ्यांना वाटेल.

डॉक्टर वळल्या. हातात दोन कप होते.

"साखर?" त्यांनी विचारलं.

अठरावी

क्रीडाग्रामातल्या खोलीत नोइली बॅग भरत होती. लाल ओळखपत्र तिनं आधीच परत केलं होतं.

"खिडकीजवळची खाट तुझी," ती म्हणाली. "सकाळी ऊन तोंडावर येतं. टॉवेल लाव."

"नोइली, मी—"

"खरं तेच सांगितलंस. त्यात तुझी चूक काढायला गेले तर मीच वेडी ठरेन." तिनं बुटांच्या जोडीत मोजे कोंबले. "सिओमाराशी हाफटाइमला बोलायचं नाही. संत्रं सोलून द्यायचं. बिया काढून. एक जरी बी लागली तर बाई दुसरा हाफ बीवरच चिडलेली असते."

"बरं."

"ती तुला शिव्या देईल. द्यायला लागली की समज, आपल्या माणसांत घेतलं." बॅगेची चेन एका हातानं लागेना. योर्लेनी पुढे झाली. "नको," नोइली म्हणाली आणि गुडघ्यानं बॅग दाबून चेन ओढली. "तो बॉल चांगला मारला होतास. ते राहिलं होतं सांगायचं."

सिओमारानं योर्लेनीला शिवी दिली नाही. त्या रात्री नाही, सकाळी नाही. "मीठ दे" म्हणाली, तेही कृपया लावून.

अठरावी, बाकावर

अंतिम सामना ग्वातेमालाशी होता. हाफटाइमला योर्लेनीनं संत्रं सोललं, बिया काढल्या. सिओमारानं ते खाल्लं आणि म्हणाली, "थँक्यू." नव्वद मिनिटांनंतर एक-एक.

जादा वेळात कडेवरून गोलासमोर एक उंच क्रॉस आला. सिओमारा झेपावली, ग्वातेमालाची धिप्पाड सेंटर फॉरवर्डही झेपावली, आणि दोघी एकमेकींवर कोसळल्या. धिप्पाड बाई उठली. सिओमारा उठेना. डाव्या मांडीला दोन्ही हातांनी धरून ती कुशीवर पडली होती.

डॉक्टर धावल्या. प्रोफे उभ्या राहिल्या आणि बाकाकडे वळत म्हणाल्या, "योर्लेनी, तयार—"

त्या थांबल्या. योर्लेनी आधीच उभी होती. राखीव खेळाडूंनी जर्सीवर घालायचं नारिंगी बिब काढलेलं, हातमोजे चढवलेले, मनगटाचे पट्टे आवळलेले. हे सगळं तिनं कधी केलं, ते तिला आठवत नव्हतं. शिट्टी वाजायच्या आधी केलं असावं. शेजारची राखीव बचावपटू तिच्याकडे बघत होती, आणि मग तिनं दुसरीकडे बघितलं.

मैदानात सिओमारानं मान उचलली. डॉक्टर काहीतरी विचारत होत्या. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं नाही. बाकाकडे पाहिलं. पाहत राहिली. मग हात टेकून उठली, डावा पाय एकदा जमिनीवर आपटला, आणि बोट हलवून खूण केली: नाही.

"खरंच?" प्रोफे ओरडल्या.

"नाही म्हटलं ना!"

बाक हुश्श झाला. कुणीतरी छातीवर क्रूस काढला. योर्लेनीही "देवाची कृपा" म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग खाली बसली आणि बिब शोधू लागली. ते बाकाखाली गेलं होतं.

पेनल्टीच्या आधी प्रोफेंनी सिओमाराला पुन्हा विचारलं. ती म्हणाली जमेल. ग्वातेमालाच्या मुलींनाही डोळे होते. पहिलीनं बॉल सिओमाराच्या डावीकडे मारला. सिओमाराचा डावा पाय तिला उडवू शकला नाही, ती नुसती कलंडली. दुसरीनंही डावीकडे मारला. तिसरीनं मारायच्या आधी सिओमारा डावीकडे अर्धं पाऊल सरकून उभी राहिली, तरी पोचली नाही.

रुप्याची अठरा पदकं.

अठरावी, परतताना

बसमध्ये सिओमारा शेवटी चढली. मांडीवर बर्फाची पिशवी गुंडाळली होती. योर्लेनीच्या शेजारची एकच जागा रिकामी होती. ती रिकामी का राहिली, ते दोघींना कळत होतं.

"आता कसंय?" योर्लेनीनं विचारलं.

"स्नायू फाटलाय. पाय आपटला तेव्हाच कळलं होतं."

बस अजून सुरू व्हायची होती. पुढे कुणीतरी हुंदके देत होतं आणि दुसरी कुणी तिला चिप्स भरवत होती.

"नोइली बाकावर असती," योर्लेनी म्हणाली, "तर बाहेर आली असतीस?"

"तिचं बोट मोडलेलं असतं."

"तरी."

सिओमारानं जरा विचार केला. खोटं बोलायचं का, याचा असावा.

"आले असते," ती म्हणाली. "मी पडले तर ती उभी नसती राहिली. बोलवेपर्यंत बसली असती."

काचेबाहेर कुंपणापाशी लोक झेंडे गुंडाळत होते. त्यांत फ्लोरी मावशी होती, दोन्ही हात वर करून बसच्या भलत्याच खिडकीकडे बघून ओरडत. तिच्या पलीकडे नोइली उभी होती की तशीच दिसणारी दुसरी कुणी, ते कळेपर्यंत बस हलली.

"सरक की जरा, भवाने," सिओमारा म्हणाली. "पाय लांब करायचाय."

योर्लेनी खिडकीला चिकटून बसली. बस चौकातून वळली.