धबधब्याकडे गेलेली नजर

ग्लेन आर्डाखच्या खोऱ्यात परवाना काढून व्हिस्की गाळणारा पहिला माणूस टॉर्मड मॅकफी. त्याआधी सगळं खोरं चोरूनच गाळायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सरकारनं कायदा बदलला, जमीनदारानं गळ घातली, आणि टॉर्मडनं ओढ्याकाठी दगडी भट्टी बांधली. लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

रुअरीनं मात्र टाकलं नाही. दोघे दूधभाऊ. टॉर्मडची आई बाळंतपणात गेली तेव्हा रुअरीच्या आईनं, इशबेलनं, दोघांना एकत्रच पाजलं होतं. रुअरीची चोरटी भट्टी वर डोंगरात, धबधब्याआडच्या कपारीत होती.

"तू राजाची गाळ, मी माझी गाळतो. चव लोक ठरवतील," तो हसून म्हणायचा.

लोकांनी ठरवली. रुअरीची हातोहात संपे. टॉर्मडची पिंपं कोठारात पडून राहत.

शरद ऋतूत अबकारी अंमलदार पिंपं मोजायला आला. जाता जाता त्यानं सहज विचारलं, अजून कोण चोरून गाळतं इथे? टॉर्मड म्हणाला, मला ठाऊक नाही. पण म्हणता म्हणता त्याची नजर धबधब्याकडे गेली आणि परत आली. अंमलदारानं पेला संपवला, आभार मानले आणि घोड्यावर बसला.

त्याच आठवड्यात शिपाई कपारीत चढले. त्यांनी तांब्याचा हंडा कुऱ्हाडीनं फोडला, दारू ओढ्यात ओतली. जमीनदारानं रुअरीचं घर काढून घेतलं. आता कॅनडाचं जहाज गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नजर आपोआप गेली, असं टॉर्मड स्वतःला बजावत राहिला. पण त्या क्षणी मनात कोठारात पडून राहिलेली आपली पिंपं होती, हे त्याला पक्कं माहीत होतं. निघायच्या दिवशी रुअरी निरोप घ्यायला आला तेव्हा टॉर्मडच्यानं राहवलं नाही.

"रुअरी, मी बोललो काहीच नाही. पण वर बघितलं. त्यानं ते पाहिलं."

रुअरीनं खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आईला जहाजाचा प्रवास झेपायचा नाही. तिला तुझ्याकडे ठेव."

"ठेवतो. आजच तिच्या पाया पडून सगळं सांगतो."

"सांगायचं नाही. कळलं तर ती तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही, आणि दुसरं दार तिला उरलेलं नाही. तुझं ओझं तूच वागव."

इशबेल आली. चुलीजवळची ऊबदार जागा टॉर्मडनं तिला दिली. रोज संध्याकाळी ओटची पेज संपवून ती म्हणायची, "बाळा, पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं करतोस तू माझं." तो मान खाली घालून वाडगा उचलायचा. कितीदा तरी शब्द ओठांवर आले. ऐकून ही बर्फात निघून गेली तर, या भीतीनं त्यानं ते गिळले. आणि ही भीती तरी खरी, की तीही सोयीचीच, हे त्याला कधी कळलं नाही.

हळूहळू खोरं निवळलं. चोरट्या भट्ट्या संपल्या, टॉर्मडची व्हिस्की खपू लागली. चर्चच्या दाराशी इशबेल ज्याला त्याला सांगायची, सचोटीचा माणूस बघायचा तर माझ्या टॉर्मडकडे बघा.

सहाव्या हिवाळ्यात ती गेली. त्याचा हात हातात धरूनच गेली. दफनानंतर रिवाजाप्रमाणे त्याच्याच भट्टीची व्हिस्की सगळ्यांना वाटली गेली. चांगली उतरली आहे, असं एक म्हातारा शेजारी म्हणाला, आणि या खोऱ्यात त्याच्या व्हिस्कीची अशी स्तुती पहिल्यांदाच झाली. टॉर्मडनं मान हलवली. हातातला पेला त्याच्यानं तोंडाला लाववला नाही.