सालोतेच्या कुंपणासाठी साक्ष

पाच वर्षांपूर्वी बँकेने मला परत पाठवलं, ते मी विसरले नव्हते. आमची जमीन अख्ख्या घराण्याची, कुणा एकाच्या नावावर नसते. "मग तारण काय ठेवणार?" असं म्हणून तिथल्या माणसाने माझा अर्ज न वाचताच बाजूला सारला होता.

मग बँकेचा इलाइसा नावाचा नवा अधिकारी आला. दर पंधरवड्याला तो आमच्या सभाघरात चटईवर बसायचा आणि म्हणायचा, "जमीन नको. तीन वर्षांच्या विक्रीच्या पावत्या दाखवा." तावेउनी बेटावर आम्ही सगळेच दालो पिकवतो, अळूसारखा मोठा कंद. पण पावत्या जपून ठेवल्या होत्या एकटीने, माझ्या धाकट्या जावेने, सालोतेने. माझ्या पावत्या मात्र चुलीत गेल्या होत्या.

तिला रानडुकरं अडवायला तारेचं कुंपण हवं होतं, म्हणून तिने कर्जाचा अर्ज केला. बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या. "सालोते, आम्हालाही सांग की गं, काय लिहायचं ते." लग्न होऊन आली तेव्हा तिला दालो लावायला मी शिकवलं होतं. ते आता कुणाला आठवत नव्हतं.

एका दुपारी इलाइसा माझ्या ओसरीवर आला. "काकी, तारण नाही, म्हणून घरातल्यांची साक्ष घेतो आम्ही. सालोतेचं कसं काय?"

"कामाची आहे," मी म्हटलं. मग चहा ओतता ओतता म्हणाले, "पण तिचं मन इथे नाही. दूर सुवा शहरात बहिणीकडे निघून जाईन म्हणते."

ती एकदा म्हणाली होती खरी, नवऱ्याशी भांडली होती त्या दिवशी. इलाइसाने ते वहीत उतरवून घेतलं. तो जाईपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

कर्ज अडलं. तीन आठवड्यांनी डुकरं आली. सकाळी पाहिलं तर सालोते उकरलेल्या वाफ्यांत बसून अर्धवट खाल्लेले कंद वेचत होती. बांधापलीकडे माझं शेत जसंच्या तसं.

"ताई, तुमच्याकडे नाही शिरली, तेवढं तरी बरं झालं," ती म्हणाली.

टोमणा असता तर मी परतवला असता. ती मनापासून बोलत होती.

पुढच्या खेपेला मी सभाघरात गेले. सालोतेही बायकांत बसली होती. मी इलाइसाला म्हटलं, "सुवाचं मी सांगितलं होतं ना, ते खोड. तिचं चांगलं होतंय ते मला बघवत नव्हतं."

तो गोंधळला. "काकी, बाहेर बोलू या का?"

"नको. इथेच खोड."

"खोडतो. पण वर कळवावं लागेल. वर्षभर तुमची साक्ष चालणार नाही, आणि तुमचा स्वतःचा अर्जही घेता येणार नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. तरी मी मान हलवली. सालोते उठून बाहेर गेली.

तिचं कर्ज गावप्रमुखाच्या साक्षीवर मंजूर झालं. दीड महिना ती माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस बांधावरून हाक आली. "ताई, हा खांब धरा जरा. एकटीला तार ताणवत नाही."

मी धरला. खिळा ठोकत ती म्हणाली, "वर्षाने तुम्हीही अर्ज कराल. तेव्हा माझ्याकडे विचारायला येतील. काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही."

"तुझी मर्जी," मी म्हटलं.

त्या हंगामात डुकरं माझ्याकडे वळली. तारेआड तिचा दालो कमरेएवढा झाला. खोटं कशाला बोलू, बघून पोटात जळायचंच.

वर्ष उलटल्यावर व्यापाऱ्याकडून जुन्या पावत्यांच्या नकला आणून मी अर्ज केला. इलाइसा सालोतेच्या घरी बराच वेळ बसला. ती काय बोलली ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या पंधरवड्याला त्याने सहीसाठी माझ्यापुढे कर्जाचे कागद ठेवले.