काच स्वच्छ होती

सर्व्हेअरांनी कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला, व्ह्यूफाइंडरच्या इवल्याशा काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि शर्टाच्या टोकाने ती पुसली. मग पुन्हा उजवा डोळा लावला आणि तोंड वाकडे केले.

"याच्यातही आहे."

"काय साहेब?" दुकानदाराने विचारले.

"डाग. अगदी मधोमध. कुणीतरी बोट लावलेलं दिसतंय."

"बोट कोण लावणार? तुमच्यासमोरच खोक्यातून काढला की." दुकानदाराने तरीही मऊ फडके घेतले आणि काच निगुतीने पुसून दिली.

काउंटरवर मखमली कापड अंथरले होते आणि त्यावर कॅमेऱ्याच्या दोन बॉडी आणि तीन लेन्स मांडल्या होत्या. सकाळपासून त्यांची तुलना चालली होती. एक बॉडी मोठ्या सेन्सरची, कमी उजेडातही रंग राखणारी, पण तिला शोभेल अशी लांब लेन्स म्हणजे उखळी तोफच. दुसरी लहान सेन्सरची, वजनाला हलकी. तिच्यावर मधली लेन्स चढवली तरी पक्षी पुरेसा जवळ यायचा आणि प्रवासात खांदा शाबूत राहायचा. तिसरी लेन्स अगदी बुटकी. गल्ल्या, घाट, माणसे टिपण्यासाठी.

"ती मुठीएवढी लेन्स हिची," सर्व्हेअर बायकोकडे न बघताच म्हणाले. "हिला पक्षी नको असतात. हिला लोकांच्या चपला लागतात."

दाराजवळच्या उंच स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या सिस्टर नुसत्या हसल्या. इस्पितळातली नोकरी संपून बरीच वर्षे झाली होती, पण सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नवराही चारचौघांत तेच म्हणे, फक्त जरा नाटकी सुरात.

चपलांची गोष्ट खरी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात दोघांत मिळून एक कॅमेरा होता आणि एक पिशवी. सर्व्हेअर तेव्हा कालव्यांच्या मोजणीवर असत. दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून पट्टीवरचे आकडे वाचायचे आणि सुट्टी मिळाली की तोच डोळा कॅमेऱ्याला लावायचा. पहाटे तळ्याकाठी गवताच्या आडोशाला दोघे बसत. ते पाण्याकडे बघत, त्या विणत. मग उन्हे चढली, पक्षी पांगले, की लांब लेन्स उतरे आणि छोटी चढे. कॅमेरा सिस्टरांकडे येई. नावाडी, दोरीवर वाळणारी चादर, कुणाच्या उंबऱ्याबाहेर रांगेने काढून ठेवलेल्या चपला. "रोल काय फुकट येतात?" असे सर्व्हेअर दर वेळी म्हणत आणि परतल्यावर धुऊन आलेल्या फोटोंच्या पाकिटातून आधी चपलाच शोधून काढत.

फोटो धुवायला ते याच दुकानात टाकत. तेव्हा गल्ल्यावर दुकानदाराचे वडील बसायचे. पाकीट उघडण्याआधी तेच सांगून टाकायचे, "साहेब, या खेपेला करकोचे छान आलेत, पण वहिनींनी टिपलेला म्हातारा त्याहून छान आलाय." सर्व्हेअर दोन दिवस घुश्शात असत.

आणि ते पाणमांजर. एकदा संध्याकाळी रोल संपला, सर्व्हेअरांनी कॅमेरा बंद केला आणि नेमके तेव्हाच ते हाताच्या अंतरावर पाण्यातून वर आले. तोंडात मासा. दोघांकडे बघत बघत, पाहुण्यासमोर जेवायला लाजू नये तसे, निवांत खात बसले. ते गेल्यावर सर्व्हेअर पाण्यावरचे तरंग विरेपर्यंत बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "बरं झालं रोल संपला. नाहीतर मी बघितलंच नसतं."

पुढे रोल गेले, कार्डे आली, कॅमेरे बदलले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. फोकस ते स्वतःच्या हातानेच करत. "माझ्या डोळ्यापेक्षा त्या मोटरीला जास्त कळतं का?" हा त्यांचा ठरलेला सवाल असे. आणि आता आता, या हिवाळ्यापासून, त्यांचे फोटो बिघडू लागले होते. पक्षी असायचा, पण पिसे नसायची, नुसता कापूस. सर्व्हेअरांनी निदान केले की लेन्सला बुरशी लागली आहे. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून पाहिली आणि काही नाही म्हणून परत दिली. सर्व्हेअरांनी त्यालाच मोडीत काढले. मग कॅमेऱ्याच्या आतला आरसा हलला आहे असे ठरले. आरसा आला की आज ना उद्या हलणारच, तेव्हा बिनआरशाचा घेऊन टाकू, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. त्यासाठी आजची फेरी होती.

"गच्चीवर जाऊन बघता का?" दुकानदार म्हणाला. "इथं चार भिंतींत काय कळणार. समोरच्या पाण्याच्या टाकीवर घारीचं घरटं आहे."

तिघेही जिना चढून वर गेले. ऊन कोवळे होते. टाकीच्या कठड्यावर घार बसली होती आणि मान वळवून चोचीने पंख साफ करत होती. दुकानदाराने हलक्या बॉडीवर मधली लेन्स चढवली, कॅमेरा सर्व्हेअरांच्या हातात दिला आणि म्हणाला, "फोकस त्याच्यावर सोडा, साहेब. एकदाच. तो पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो. डोळ्यावर हिरवा चौकोन येईल, आला की दाबा."

सर्व्हेअरांनी कॅमेरा लावला. पाय किंचित फाकले, कोपरे छातीशी घेतली. ही त्यांची उभे राहायची पद्धत सिस्टरांना गर्दीतही पाठमोरी ओळखू आली असती.

"आला चौकोन?"

"कुठला चौकोन?"

"डोळ्यावर. घारीच्या."

"घार दिसतेय. म्हणजे पंख दिसतायत, शेपूट दिसतेय. मध्ये तुमचा तो डाग आहे ना, त्याच्याखाली गेलं असेल डोकं."

दुकानदाराने व्ह्यूफाइंडरशेजारचे चष्म्याच्या नंबराचे बारीक चाक इकडे तिकडे फिरवून दिले. उपयोग झाला नाही. मग मोठी बॉडी आणली. दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या काचेची.

"हिच्यातही आहे," सर्व्हेअर म्हणाले. "कमाल आहे. आतमध्ये टीव्ही बसवतात ना, त्याचा दोष असणार. आरशाच्या कॅमेऱ्यात असं नव्हतं."

सिस्टर कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग पुढे होऊन म्हणाल्या, "बघू जरा."

त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि कॅमेऱ्यातून पाहिले. घार हाताला लागेल इतकी जवळ आली होती. चोचीच्या मुळाशी पिवळी कड, तपकिरी डोळा आणि त्या डोळ्यावर एक हिरवा चौकोन, घारीने मान हलवली की तिच्याबरोबर हलणारा. काचेवर कुसळाएवढाही डाग नव्हता. त्यांनी हलकी बॉडी मागून घेतली. तीही तशीच निर्मळ.

"दिसला ना?" सर्व्हेअरांनी विचारले.

सिस्टरांनी हलकी बॉडी डोळ्यापासून खाली घेतली. आयुष्य वॉर्डात गेले होते. दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे, दुसऱ्यांच्या बापांचे दुखणे त्यांनी चालण्यावरून, पाणी पिण्यावरून ओळखले होते. वाईट बातमी घेऊन डॉक्टर यायच्या आधी त्या नातेवाइकांना खुर्ची द्यायच्या. आणि घरातला माणूस पेपर वाचताना मान तिरपी धरतो, हे त्या म्हातारपणाचे नखरे म्हणून हसण्यावारी नेत होत्या.

"डाग असला तर असू दे," सर्व्हेअर एकदम उत्साहाने म्हणाले. त्यांनी तेवढ्यात दुसऱ्या बॉडीने पाच-सहा फोटो काढले होते आणि आता ते मागच्या पडद्यावर मोठे करून दोन्ही डोळ्यांनी बघत होते. "अगं, बघ! पीस न् पीस मोजून घे. डोळ्यात टाकीचं प्रतिबिंब आलंय. मी सांगत होतो ना, माझा हात गेलेला नाही, तो डबडा कॅमेराच गेला होता! डाग फोटोत येत नाही ना, मग आपलं काय जातं? मला तर चौकोनही दिसायला नको. हा बघतो, मी दाबतो."

"हेच सांगत होतो, साहेब," दुकानदार म्हणाला.

कित्येक महिन्यांत सर्व्हेअर असे हसले नव्हते. कपाळावरची आठी गेली होती. बोलता बोलता ते बेतही आखू लागले होते. करकोच्यांचे तळे, जमल्यास पुढचा डोंगर, जुना नावाडी अजून आहे का ते बघायचे. एक शब्द बोलला नाही तर हे सगळे असेच चालेल, हे सिस्टरांना दिसत होते. कॅमेरा इतका हुशार होता, की तो आणखी वर्षभर सहज सांभाळून घेईल.

"अहो," त्या म्हणाल्या. "जरा दुसऱ्या डोळ्यानं बघता?"

"डाव्या? डाव्या डोळ्यानं मी आयुष्यात कधी बघितलेलं नाही."

"मग आज बघा."

तो सूर सर्व्हेअरांच्या ओळखीचा होता. वॉर्डातला. त्याच्यापुढे पैलवानसुद्धा मुकाट सुई टोचून घेत. त्यांनी कुरकुरत कॅमेरा डाव्या बाजूला नेला. उजवा डोळा मिटायला जमेना, तेव्हा सिस्टरांनी पुढे होऊन त्यावर आपला तळवा धरला.

घारीचे डोके जागेवर होते, त्यावर हिरवा चौकोन. मग त्यांनी बायकोचा हात बाजूला केला, कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. पुन्हा डाव्या. पुन्हा उजव्या. कालव्यावर आकडा जुळला नाही की ते असेच पट्टी परत परत वाचत.

"काच स्वच्छ आहे तुमची," ते दुकानदाराला म्हणाले.

दुकानदार दोघांकडे बघत राहिला. त्याला अर्धे कळले असावे. तो कॅमेरा हातात घेऊन, बॅटरी बघायची आहे असे काहीतरी पुटपुटत जिन्याकडे गेला.

"कधीपासून असेल?" सर्व्हेअरांनी विचारले.

"ते डॉक्टर सांगतील. चला."

"आज? उद्या जाऊ की. जेवून..."

"आत्ता," सिस्टर म्हणाल्या. "यात उद्या नसतो."

डोळ्यांच्या इस्पितळात सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता मोठी मेट्रन होती, म्हणून त्याच दुपारी नंबर लागला. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्या पाझरत होत्या. इंजेक्शन द्यावे लागेल, मग आणखी काही. गेले ते बहुधा येणार नाही, पण आहे ते राहील, डॉक्टर म्हणाल्या. आणखी उशीर झाला असता तर हेही म्हणता आले नसते. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर सर्व्हेअर पांढरेफटक पडले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यापेक्षा लेन्सला बुरशी परवडली असती." सिस्टर हसल्या. मग रिक्षात बसल्यावर त्यांना रडू आले. सर्व्हेअर आपल्या चांगल्या डोळ्याने शेवटपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले. फक्त त्यांनी सिस्टरांची पर्स आपल्या मांडीवर घेतली होती.

उन्हाळा उतरताना दोघे पुन्हा दुकानात आले. डाग होता, पण पसरला नव्हता. पेपर सरळ धरून वाचला जात होता. दुकानदाराने न सांगताच मखमली कापड अंथरले.

सर्व्हेअरांनी घरी जुन्या कॅमेऱ्यावर डाव्या डोळ्याचा सराव केला होता. इथे गच्चीवर गेल्यावर नवीच अडचण निघाली. डावा डोळा लावला की त्यांचे भरघोस नाक मागच्या पडद्यावर टेके, पडद्याला वाटे बोटच लागले, आणि चौकोन घारीवरून उडून शेजारच्या घराच्या खिडकीत जाई.

"आमचं नाकही आता फोकस करायला लागलं," सर्व्हेअर म्हणाले आणि तिघेही पोट धरून हसले. दुकानदाराने पडद्याचा स्पर्श बंद करून दिला. तरी हात अवघडत होते. घार उडाली, ती शोधेपर्यंत आभाळ रिकामे झाले होते.

खाली येऊन सर्व्हेअर काउंटरशी थांबले. त्यांनी हलकी बॉडी हातात घेऊन तोलली आणि पुढे केली.

"ही द्या. आणि मधली लेन्स, ती बुटकीसुद्धा."

"साहेब, आत्ता कुठली लावून देऊ? सराव होईपर्यंत पट्टा जरा..."

"मधली लावा आणि हिच्या गळ्यात द्या."

सिस्टरांनी वर पाहिले. "माझ्या? मला पक्ष्यांतलं काय कळतं? कुठे बसेल, कधी उडेल..."

"ते मला कळतं ना," सर्व्हेअर म्हणाले.

दुकानदाराने पट्टा लावून दिला. तो सर्व्हेअरांच्या उंचीला बेतलेला होता, कॅमेरा सिस्टरांच्या थेट कंबरेवर आला. सर्व्हेअर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि चाचपत, बक्कल शोधून, एकेक भोक आखूड करू लागले.