डाव्या बाजूचं पाणी

टाउनो रांटाला डॉक्टरांनी घरी पाठवलं ते मरायला. हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, एल्माला, ठाऊक होतं, आणि दर सोमवारी ऑक्सिजनची टाकी पोचवणाऱ्या माणसालाही ठाऊक होतं. तरी घरी आल्यावर पहिल्याच सकाळी या गृहस्थाने विषय काढला तो बोटीचा. बायकोशी बोलायला आयुष्यात दुसरं काही उरलंच नव्हतं जणू.

बोट अंगणात ट्रेलरवर उभी होती. ऑक्टोबर अर्धा सरला होता, तळ्यावर सकाळी काठाकाठाने काचेसारखा बर्फाचा पापुद्रा धरत होता, आणि इंजिनात उन्हाळ्याचं पाणी तसंच होतं. हे इंजिन जुन्या धाटणीचं, तळ्याचंच पाणी पिऊन थंड राहणारं. ते पाणी पोटात राहिलं आणि गोठलं, की लोखंड उभं फाटतं. दरवर्षी टाउनो हे काम एकटा करायचा. त्याने बोलावलंच तर एल्माने कॉफी न्यायची, तीही आत चढायचं नाही, बाहेरून द्यायची.

"या वर्षी तू करायचंस," तो म्हणाला.

"वर्नरला सांगते." वर्नर म्हणजे पलीकडच्या घरातला, लाकडाच्या गिरणीतला टाउनोचा जुना जोडीदार.

"वर्नर काय दरवर्षी येणारेय का? तुला हे करता यायला हवं."

दरवर्षी या शब्दावर एल्माला काय म्हणायचं होतं ते तिने गिळलं. शिकायचं म्हणजे त्याच्या जाण्याला आपण होऊन हो म्हणायचं. तिला शिकायचं नव्हतं. तिला बोट नको होती, बेट नको होतं. तळ्यातल्या त्या बेटावर लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दोघांनी मिळून लाकडी सौना बांधली होती. जुलैत तिथे वाफ घ्यायची, धावत जाऊन तळ्यात उडी मारायची, ब्लूबेऱ्या वेचून आणायच्या. टाउनोचा हट्ट असा, की हे सगळं तो नसतानाही चालू राहावं.

"नाहीतर खिडकीशी बसून वाळून जाशील," तो म्हणाला. "मी ओळखतो ना तुला."

मग त्या दिवशी दुपारी तो पायरीवर घोंगडी पांघरून बसला, नाकात नळी, शेजारी टाकी, आणि ही सत्तरीची बाई त्याचा मोठा कोट घालून बोटीत चढली. टाउनोला दम पुरत नव्हता, तरी हुकूम सोडायला कसा कोण जाणे पुरत होता. बोटीमागच्या पंख्याच्या दांड्याला पाणी ओढायची भोकं असतात, त्यांवर रबराच्या दोन वाट्या बसवायच्या, बागेची नळी जोडायची, आधी पाणी सोडायचं आणि मगच इंजिन चालू करायचं. एल्माने आधी किल्ली फिरवली. पायरीवरून जो ओरडा आला त्याने फांदीवरचे कावळे उडाले.

"पन्नास वर्षं मला इंजिनाला हात लावू दिला नाहीस," ती म्हणाली, "आणि आता माझ्यावर खेकसतोस."

"खेकसू दे. फुकट आहे."

ती हसली. तोही हसला, मग खोकत राहिला. तो खोकला थांबेपर्यंत ती हातात नळी धरून उभी राहिली, आणि पाणी तिच्या बुटांवर सांडत राहिलं.

इंजिन गरम होईतो चालवलं, आतला गाळ धुऊन निघाला. मग वरून तेल फवारत फवारत ते बंद पाडायचं होतं. पांढऱ्या धुराने अंगण भरलं. टाउनोने त्या घाणेरड्या वासाचा असा काही श्वास घेतला, की एल्माला त्याचा हेवा वाटला. काळं तेल काढून नवं भरेपर्यंत ऊन झाडांमागे गेलं होतं. राहिलं होतं शेवटचं आणि सगळ्यात मोठं काम: इंजिनाच्या दोन्ही अंगांना खाली एकेक बूच असतं, ती काढून पोटातलं पाणी सोडायचं.

"उजवं सोपं आहे," तो म्हणाला. "डावं जरा हट्टी. नाही आलं तर तार घाल. गंज बसतो भोकात. बाहेर काही येत नाही म्हणून माणसाला वाटतं रिकामं झालं, आणि तिथेच फसतो. तार आत घालून चांगलं खरवडायचं, पाणी येईपर्यंत."

कोटाच्या हँगरची वाकवलेली तार त्याने सकाळीच तिच्या खिशात ठेवली होती.

उजव्या बाजूचं पाणी भसकन आलं, आधी तांबूस, मग काळपट. डाव्या बाजूला हात जाईना. गरम नळ्यांच्या मागून, कोपर मुरडून, नुसत्या बोटांच्या अंदाजाने तिने बूच सैल केलं. काहीच आलं नाही. तिने तार घातली. तार दगडाला लागावी तशी अडली. पुन्हा घातली. बोटं बधिर झाली होती, तार हातातून निसटून इंजिनाखाली पडली, तिने चाचपून शोधली, पुन्हा घातली. वारा सुटला होता. पायरीवर टाउनोची घोंगडी खांद्यावरून घसरली होती आणि ती वर ओढून घ्यायचंही बळ त्याच्यात नव्हतं, तरी तो मान उंचावून बघत होता.

"आलं का?"

"थांब."

पुन्हा खोकला सुरू झाला. या खेपेला तो थांबेना. ओठ निळे दिसत होते, इतक्या लांबूनही. आपण हो म्हटल्याशिवाय हा माणूस आत जाणार नाही, हे एल्माला पक्कं माहीत होतं. आज इथेच, पायरीवरच, बुचावर डोळे लावून हा प्राण सोडेल.

"आलं," ती म्हणाली.

"भरपूर?"

"भरपूर."

"तार लागली?"

"नाही. आपोआप आलं."

ती बूच लावून, कोटाला हात पुसत खाली उतरली आणि त्याच्यापाशी गेली. त्याने तिचे हात आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. सांध्यांची सालं निघाली होती, नखांत गंज भरला होता.

"मग झालं," तो म्हणाला. "चल आत. गारठलीस तू."

उद्या सकाळी हा झोपेत असताना आपण जाऊ आणि ते भोक मोकळं करूनच उठू, असं तिने ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण पहाटे टाउनोचा श्वास घशात घरघरू लागला, अँब्युलन्स आली, आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी त्याच्याबरोबर शहरातल्या हॉस्पिटलात गेली.

तिथे त्याने नर्सला सांगितलं, माझ्या बायकोने एकटीने बोटीचं इंजिन हिवाळ्यासाठी तयार केलं. नर्सने कौतुक केलं. एल्माला ते कौतुक चटक्यासारखं लागलं. वर्नरला फोन केला असता तर तो तासाभरात सगळं करून मोकळा झाला असता. एकदा ती खाली फोनपाशी गेलीही, हातात नाणं घेऊन. पण वर्नर दर संध्याकाळी भेटायला यायचा, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. तो टाउनोला सांगणार, आणि मग शेवटच्या दिवसांत या माणसाला कळणार की बायको खोटं बोलली. नाणं खिशात टाकून ती वर आली.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, रात्री पारा फार खाली जाणार. टाउनो डोळे मिटून पडला होता, ऐकत होता.

"थंडी पडणार," तो म्हणाला.

"हो."

"बोटीचं झालंय ना आपलं."

"झालंय."

"मग पडू दे."

त्याने तिचा हात चाचपडत शोधला आणि धरून ठेवला. एल्मा रात्रभर खिडकीकडे बघत बसली. काचेवर हिमाची नक्षी चढत होती, आणि लोखंड फाटल्याचा आवाज इतक्या दुरून ऐकू येणं शक्य नव्हतं तरी ती कान देऊन ऐकत होती. दोन दिवसांनी टाउनो गेला.

हिवाळा कसा गेला ते तिला सांगता आलं नसतं. ती खिडकीशी बसली, अगदी तो म्हणाला होता तशी. बोटीवर हाताएवढा बर्फ साचला, मग छातीएवढा. तिकडे तिने पाहिलं नाही.

एप्रिलात बर्फ वितळल्यावर वर्नर बोटीवरची ताडपत्री काढायला आला. एल्मा त्याच्यासाठी वेलचीचा पाव घेऊन बाहेर आली, तर तो बोटीमागे उकिडवा बसला होता. बोटीच्या बुडाचं बूच हिवाळ्यात काढून ठेवतात, त्या भोकातून तांबूस पाणी थेंब थेंब गळत होतं. खाली चिखलात त्याचं डबकं झालं होतं. वर्नर वर चढला, झाकण उघडलं, आत वाकला, आणि बराच वेळ उठला नाही.

"डावी बाजू फाटलीय," तो म्हणाला. "वीतभर. हे इंजिन गेलं, एल्मा. तार घातली नव्हती का?"

"घातली होती. पाणी आलं नाही."

"अगं, डावीकडचं आपणहून कधीच येत नाही. इतकी वर्षं बघतोय, एकदाही आलं नाही. तासतासभर खरवडायचा टाउनो, शिव्या घालत. तुला बोलला नाही?"

एल्माने हातातली ताटली बोटीच्या काठावर ठेवली. तार लागली का, असं त्याने विचारलं होतं. आपोआप आलं, असं तिने सांगितलं होतं. मग त्याने तिचे हात पाहिले होते. तिथेच, पायरीवरच, त्याला सगळं कळलं होतं. तिला परत पाठवायचं सोडून तो आत चल म्हणाला, आणि नंतर हॉस्पिटलात, थंडी पडणार हे ऐकून, तिचा हात धरून म्हणाला, पडू दे. आपण त्याच्यापासून लपवत होतो आणि तो आपल्यापासून. एक शब्द खरा बोललो असतो तर दोघांनाही त्या रात्री एकेकटं जागावं लागलं नसतं. आता सांगायचं कोणाला?

वर्नर पाणी धरायला बादली आणतो म्हणून घराकडे गेला. एल्मा बोटीमागे वाकली. डबक्यात थेंब पडत होते, आधी तांबूस, मग काळपट, उजव्या बाजूचं आलं होतं अगदी तसंच. तिने थेंबाखाली हात धरला.

"आलं," ती पायरीकडे बघून म्हणाली.

पायरीवर कोणी नव्हतं. पाणी तिच्या बोटांमधून चिखलात गळत राहिलं.