मास्तरांचा हेल

परदेशात आल्यापासून मास्तरांनी जिभेला वळण लावायचा फार प्रयत्न केला, पण जीभ काही ऐकेना. इथली भाषा ते फाडफाड बोलत, मात्र प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर धपकन बसत. मायदेशी ते शाळेत गाणं शिकवायचे. इथे आधी हॉटेलात भांडी घासली, मग गोदामात खोकी उचलली, मग मुलींच्या नाचाच्या वर्गात पियानो बडवला. शेवटी नगर सभागृहाच्या गायनवृंदाच्या संचालकांची कंबर धरली आणि 'दोन आठवड्यांपुरतं या' म्हणून मास्तरांना बोलावणं आलं. त्या दोन आठवड्यांना आता सहा वर्षं होत आली होती, पण कायम करायचं नाव कुणी काढत नव्हतं.

यंदा मात्र वृंदाच्या समितीने शब्द दिला. वार्षिक कार्यक्रमात मास्तरांनी इथल्या भाषेत स्वतः रचलेलं गाणं होईल. जमलं तर मास्तर कायम, नाहीतर नवा माणूस बघायचा. मास्तरांचं वय अठ्ठावन्न. या वयात पुन्हा गोदामात खोकी उचलायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

वृंदात चाळीस माणसं. पोस्टमन, दातांचे डॉक्टर, बेकरीवाला, दोन निवृत्त नर्स, सगळे पिढ्यान्पिढ्या इथलेच. गळे बरे होते, पण स्वरलिपी वाचता येणारे तिघेच, आणि त्या तिघांचं आपसात पटत नव्हतं. म्हणून मास्तरांनी शाळेतली जुनी पद्धत काढली. कागद गोळा करून कपाटात कोंबले आणि म्हणाले, "माझ्या तोंडाकडे बघा. मी म्हणतो तसं म्हणा." चाळीस माणसं त्यांच्या ओठांवर डोळे रोवून एकेक ओळ घोकायला लागली. चार महिन्यांत गाणं असं बसलं की पोस्टमन पत्रं टाकताना तेच गुणगुणायचा. यांचे उच्चारही किती सुधारले, म्हणून मास्तर मनातून खूश होते.

तीन आठवडे उरले तेव्हा समितीच्या अध्यक्षबाई तालमीला आल्या. त्यांचा उभा जन्म शाळेत इथली भाषा शिकवण्यात गेलेला. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे इतके दिवस घरी होत्या. गाणं ऐकताना त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मास्तर, ही माणसं अशी का गातायत?"

"अशी म्हणजे?"

"तुम्ही बोलता तशी! अहो, हे दातांचे डॉक्टर माझ्या गल्लीत वाढले. कालपरवा आल्यासारखे गातायत!"

 मास्तरांनी नीट कान दिला आणि पहिल्यांदाच त्यांना ते ऐकू आलं. चाळीसच्या चाळीस जण पहिल्या अक्षरावर धपकन बसत होते. लाजेने त्यांचे कान तापले.

उच्चार सुधारायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं. रोज संध्याकाळी त्या वृंदासमोर उभ्या राहत. "तुम्ही असं म्हणता," म्हणून मास्तरांचा हेल काढून दाखवत, "आणि म्हणायचं असं." पोस्टमनला पटेना म्हणून पुन्हा दाखवत. बेकरीवाल्याचं लक्ष नसे म्हणून परत एकदा. चूक दाखवण्यासाठी ती चूक त्या दिवसातून शंभरदा करत होत्या. मास्तरांना त्यांनी बजावलं, "कार्यक्रमात तोंड मिटून उभं राहायचं. हात हलवायचे, बस्स."

उच्चार सुधारले आणि गाणं बिघडलं. मास्तरांनी चाल बांधली होती ती स्वतःच्या बोलण्यावर. आता ठेका एकीकडे जाई नि शब्द दुसरीकडे. मास्तरांना ते कळत होतं, पण नोकरीचा प्रश्न होता. ते मूग गिळून गप्प बसले.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात वरच्या पट्टीतल्या बायका अडखळल्या, त्यांच्यामागे खर्जातले पुरुष गडबडले. चाळीस जोडी डोळे सवयीने मास्तरांच्या ओठांवर आले. मधल्या रांगेतून अध्यक्षबाई डोळे वटारत होत्या. मास्तरांना वाटलं, तोंड उघडलं तर नोकरी जाते, आणि नाही उघडलं तर आपलं गाणं आपल्यासमोर मरतं. नोकरी गेली खड्ड्यात! त्यांनी तोंड उघडून पुढची ओळ दिली. अख्खा वृंद त्यावर तुटून पडला, त्याच हेलात, छाती भरून. गाणं उभं राहिलं. लोकांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाई मात्र टाळ्या थांबायच्या आत निघून गेल्या.

दोन दिवस मास्तरांना अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. बायकोने उचलला, चार शब्द बोलली आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "अहो, आपल्याकडच्या कुणी बाई आहेत. इथली भाषा बोलतायत, पण हेल लपत नाही."

मास्तरांना बरं वाटलं. त्यांनी फोन घेतला आणि आपल्या भाषेत मोकळेपणाने विचारलं, "बोला ताई, कुठल्या गावच्या तुम्ही?"

 पलीकडून इथल्या भाषेत उत्तर आलं, "मास्तर, मी अध्यक्ष बोलतेय."

मास्तर खुर्चीत बसले.

"काल समितीत तुमच्याविरुद्ध बोलायला उभी राहिले," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या वाक्याला सगळे हसायला लागले. मला कळेना का. खजिनदारांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. मग कसली चर्चा नि कसलं काय! एकमताने ठरलं. तुम्ही कायम."

मास्तरांना हसूही येत होतं आणि रडूही. 

"एक विचारू?" बाईंचा आवाज खाली आला. "नातवंडं चिडवतायत हो मला. हे किती दिवसांत जातं?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, डोळे पुसले आणि खरं तेच सांगितलं.

"माझं तरी अजून गेलं नाही, बाई."