अण्णांनी मान डोलावली

अण्णा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा खणखणीत, की मागच्या गल्लीतला चहावाला त्यांच्या पहिल्या पुकाऱ्यावर आधण ठेवायचा. ‘बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात,’ ही म्हण त्यांनी अख्ख्या बाजाराला पाठ करून सोडली होती. आणि देवाची करणी बघा, अशा माणसाच्या घरी धाकटी जन्मली ती जन्मतःच बहिरी. मग काय, तिच्या वाटचंही अण्णाच बोलू लागले. शाळेतल्या बाईंनी तिला काही विचारलं की हे मध्ये. दुकानदाराने विचारलं की हे मध्ये. पाहुण्यांनी नुसतं ‘कशी आहेस गं?’ म्हटलं, तरी ‘मजेत आहे’ हे अण्णा सांगणार. ती खरंच मजेत आहे का, हे तिला विचारायचं मात्र राहून जायचं.

धाकटी शिवणकामात शिरली आणि बघता बघता बेतायला लागली. शिवणारे पुष्कळ मिळतात हो, कापड बेतणारा एखादाच. नाटकमंडळ्यांसाठी तिने बेतलेल्या कोटांचे फोटो तिनेच परदेशातल्या एका कारखान्याला पाठवले. तिथे रंगमंचाचे कपडे तयार होत. त्यांचं उत्तर आलं: या, एक दिवस आमच्या टेबलावर काम करून दाखवा, जमलं तर राहा.

घरात रणकंदन झालं. ऐकू येत नाही, बोलता येत नाही, तिथली भाषा बापजन्मी कोणी ऐकलेली नाही, आणि ही एकटी राहणार? शेवटी धाकटीने हातवारे करून निक्षून सांगितलं: नोकरी मिळाली तर राहीन, नाही मिळाली तर परत येईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. अण्णा सोबत निघाले. परतीची तिकिटं त्यांनी दोघांचीही काढली, आणि खरं सांगायचं तर ती दोन्ही वापरली जावीत अशीच त्यांची मनोमन इच्छा होती.

त्या देशात पाऊल ठेवलं आणि अण्णांची बोलतीच बंद झाली. म्हणजे बोलत ते होतेच. समोरच्याला मराठी कळलं नाही की तेच वाक्य ते चढ्या आवाजात पुन्हा म्हणायचे. फोनमधल्या भाषांतरवाल्या बाईवर ते इतके ओरडले, की तिनेही हात टेकले. तोवर धाकटीने नकाशावर बोट ठेवून, भुवया उडवून एका आजीबाईंना गाठलं होतं. आजीबाई स्वतःची बस सोडून दोघांना योग्य बसमध्ये बसवून गेल्या. धाकटीला यात नवल वाटलं नाही. आसपासच्या लोकांचं बोलणं न कळणं तिला कधी नवीन होतं?

बसमध्ये दोन बाया काहीतरी बोलून हसल्या. आपल्यालाच हसल्या, असं अण्णांना वाटलं आणि कानशिलं तापली. धाकटीने असं हसणं जन्मभर पाहिलं असेल, हे त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं. ते खिडकीबाहेर बघत बसले.

कारखान्यात शिरताना फोन दारातच ठेवून घेतले. नव्या नाटकाचे कपडे आधीच कोणी बाहेर दाखवू नयेत म्हणून तिथे तशी शिस्त होती. मालकीणबाई आडव्या बांध्याच्या, गळ्यात टेप, दंडाला टाचण्यांची उशी. खोलीच्या मधोमध बेतायचं लांबलचक टेबल, त्याच्या टोकाला कापडाचे थर कापणारं यंत्र. ते चालवणारा कारागीर सुरू करण्याआधी दर वेळी हाळी द्यायचा आणि आसपासचे हात मागे घ्यायचे.

मालकीणबाईंनी ते पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि वळल्या त्या अण्णांकडे. यंत्राकडे बोट, मग कानाकडे, मग खोलीच्या पार कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाकडे. मग एक लांबलचक प्रश्न. अण्णांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण प्रश्न होता, बाईंचा चेहरा प्रेमळ होता आणि उत्तर द्यायची सवय जुनी होती. अण्णांनी मान डोलावली. वर हसून “हो हो, चालेल की,” असंही म्हणाले. मान डोलावली की सौदा पक्का, हे लिलाववाल्याला कोणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या मिनिटाला धाकटी कोपऱ्यातल्या टेबलाशी होती आणि तिच्यापुढे बटणांचा डबा होता.

तिने डब्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. हातांनी विचारलं, “त्या काय म्हणाल्या?”

काहीतरी थाप मारावी म्हणून अण्णांचे हात उठले, पण तिच्या डोळ्यांपुढे ते चालेनात. “नाही कळलं,” त्यांनी खुणेने सांगितलं.

“मग मान कशाला हलवलीत?” आणि पुन्हा हात उचलून, “आजवर अशी किती जणांपुढे हलवलीत, अण्णा?”

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटी उठली आणि तडक मालकीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. बाईंनी सवयीने पुन्हा अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पाठ फिरवली, खोलीबाहेर गेले आणि काचेच्या भिंतीपलीकडच्या बाकावर बसले. चालू सौदा सोडून ते आयुष्यात कधी उठले नव्हते.

काचेतून दिसत होतं. धाकटीने यंत्राकडे पाठ केली, तळहात लाकडी टेबलावर पसरला आणि डोळे मिटले. कारागिराने यंत्र सुरू केलं की तिचं बोट वर, बंद केलं की खाली. त्याने लबाडी करून बराच वेळ सुरूच केलं नाही, तरी बोट हललं नाही. मालकीणबाईंनी आपलाही तळहात टेबलावर ठेवला आणि यंत्राची थरथर अजमावून पाहिली.

मग काळी मखमल आली. धाकटीने लव कुठल्या बाजूला बसते ते हात फिरवून पाहिलं, खडू घेतला आणि बाहीची रेघ ओढली. मालकीणबाईंनी मान हलवून ‘नाही’ म्हटलं. धाकटीनेही मान हलवून ‘नाही’ म्हटलं. बाईंनी दुसरी रेघ दाखवली, धाकटीने ती बोटाने पुसली. पहिल्याच दिवशी मालकिणीशी वाद. अण्णा अर्धे उठले, आणि बाक घट्ट धरून खाली बसले.

धाकटीने आपल्याच रेघेवर कात्री चालवली. कारागिराच्या अंगावर बिनबाह्यांचा कोट चढवून बाही टाचण्यांनी त्या कोटाला लावली आणि त्याला हात वर करायला लावला. एखादा नट तलवार उपसतो तसा त्याने हात उंच नेला. कोट खांद्यापाशी जागचा हलला नाही. मालकीणबाईंनी बाहीखाली बोट घालून पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मग धाकटीच्या पाठीवर थाप मारली. सगळा कारखाना टेबलाभोवती गोळा झाला. अण्णांची छाती अशी भरून आली, की त्यांना सदऱ्याचं वरचं बटण काढावं लागलं.

थोड्या वेळाने मालकीणबाई धाकटीशी बोलायला लागल्या, तिच्याकडे तोंड करून, हात हलवत, कागदावर चित्रं काढत. अण्णांकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. एक खुंटी दाखवली, तिच्यावर धाकटीसाठी कामाचा अंगरखा अडकवला.

अण्णांनी दाराशी जाऊन आपला फोन मागून घेतला, तिथेच बाहेरच्या पायरीवर उभं राहून घरी लावला. पडद्यावर धाकटीची आई आली. तिच्या डोळ्याला डोळा लागलेला दिसत नव्हता.

“अहो, काय झालं? घेऊन येताय ना तिला?”

“नाही. राहतेय ती. मी एकटाच येतोय.”

“एकटी राहणार? आणि तिच्या वतीने बोलायला कोण आहे तिथे?”

“आहे ना एक बाई. बिलकुल ऐकून घेत नाही कोणाचं. मालकिणीशी सुद्धा भांडली, आणि जिंकली.”

“कोण हो बाई?”

धाकटी त्यांना शोधत दारातून बाहेर येत होती, अंगात नवा अंगरखा, बोटांना खडू. अण्णांनी फोन फिरवला आणि तिच्या तोंडासमोर धरला.